कांदा, सिनेमा आणि ‘हो-नाही’चा सट्टा

“सर, पिक्चर किती कमावणार याचा अंदाज बांधला तर तो जुगार कसा? त्याला अभ्यास लागतो.” वळसंगच्या दहावीतल्या एका मुलाचा हा प्रश्न. आम्ही उत्तर कांद्यापासून सुरू केलं.

वायदा म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव आजच ठरवणे. शेतकऱ्याला त्यातून भावाची हमी मिळू शकते. पण १९५५ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोघांनी शिकागोतला जवळपास सगळा कांदा ताब्यात घेतला. मग भाव पडण्यावर सौदे लावले आणि तोच कांदा बाजारात ओतला. मार्च १९५६ मध्ये पन्नास पौंडांची गोणी दहा सेंटवर आली. रिकामी गोणी त्याहून महाग! सोलापूर मार्केट यार्डात कांदा घालून हात हलवत परतलेल्याला हे वेगळं समजावायला नको. १९५८ मध्ये तिथे कांद्याचा वायदा कायद्यानेच बंद झाला.

कांदा निदान डोळ्यांना दिसतो तरी. २०१० मध्ये तिथल्याच दोन कंपन्यांनी सिनेमाच्या गल्ल्यावर वायदे चालवायची परवानगी मिळवली. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनीच विरोध केला. सिनेमा किती पडद्यांवर लावायचा, जाहिरात किती करायची हे ज्यांच्या हातात, त्यांना निकालाचा वास आधी लागतो आणि तो फिरवताही येतो. त्याच वर्षी जुलैमध्ये हा वायदाही कायद्याने बंद झाला. आपल्याकडे तर गल्ल्याचा आकडा निर्माते स्वतःच पोस्टरवर छापतात.

आपल्या मोबाईलवर हे ‘ओपिनियन ट्रेडिंग’ म्हणून आलं. ‘हो’ सहा रुपयांना, ‘नाही’ चार रुपयांना; बरोबर ठरेल त्याला दहा, त्यातून कंपनीचं कमिशन वजा. भाषा सगळी शेअर बाजाराची. पण २९ एप्रिल २०२५ रोजी सेबीने सांगितलं, हे आमच्या अखत्यारीत येत नाही, इथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राहिला अभ्यासाचा मुद्दा. मटक्याचा आकडा काढणाराही वही भरून अभ्यास करतो. त्या दहा रुपयांत कुणी काही पिकवलं नाही, विकलं नाही. एकाचे गेले तेच दुसऱ्याला मिळाले. शरियत याला मैसिर म्हणते, आणि सूरह माइदामध्ये त्याची मनाई शराबच्या बरोबरीने आली आहे.

अब्बू-अम्मींनी मुलाच्या फोनमधला यूपीआयचा हिशेब एकदा शेजारी बसून बघावा. अनोळखी नावावर पन्नास-शंभराच्या नोंदी सलग दिसल्या, तर ओरडण्याआधी एवढंच विचारा: बेटा, ‘हो’ घेतला होतास की ‘नाही’?