अर्ध्या तासाची मुदत

मुळशी तालुक्यातील मौजे मारुंजी हे गाव हिंजवडीच्या संगणक-उद्योगनगरीला अगदी लागून वसलेले असल्यामुळे तेथील रस्त्यांना वाहनांची रांग नवी नाही. तथापि ३ जानेवारी २०१६ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या ‘शिवशक्ती संगम’ मेळाव्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातून दीड लाखांहून अधिक गणवेशधारी स्वयंसेवक या गावच्या माळावर एकत्र आले, तेव्हा वाहतूकशास्त्राच्या दृष्टीने एक दुर्मीळ प्रसंग घडून आला. मेळाव्यामागील विचारसरणीविषयी कोणाचे काहीही मत असो. येणाऱ्यांची आगाऊ नोंद झालेली आहे, त्यांना रांगेत चालण्याची सवय आहे आणि कोणी कोठे बसावयाचे हेही ठरलेले आहे, असा समुदाय बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

आणि तरीही गणित कोणाची भीड धरीत नाही. दीड लाख माणसे पन्नासपन्नासांच्या हिशेबाने बसगाड्यांतून आणावयाची म्हटली, तर तीन हजार गाड्या लागतात. बारा मीटर लांबीच्या त्या गाड्या एकीमागे एक उभ्या केल्यास रांग छत्तीस किलोमीटरांची होते. आणि एका मार्गिकेवरून दर सहा सेकंदांस एक गाडी अखंड सोडली, तरी सर्वांची रवानगी होण्यास पाच तास लागतात. पायी चालणाऱ्यांचेही तसेच. सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ऐंशी माणसे सुखाने जाऊ शकतात, म्हणजे दहा मीटर रुंदीच्या एका दरवाजातून हा समुदाय बाहेर पडावयास तीन तासांहून अधिक वेळ हवा. म्हणून दरवाजे किती, गाडीतळ कोठे आणि कोणी केव्हा निघावयाचे, हे आधी ठरवावे लागते. शिस्तीने रस्ता रुंद होत नाही.

जत्रेची गोष्ट मात्र याहून फार निराळी. तेथे मोजदाद आधी होत नाही, आणि दर चौरस मीटरमागे माणसांची संख्या चार-पाचांवरून सहा-सातांवर गेली की व्यक्तीची इच्छाशक्ती संपून समुदाय द्रवासारखा वागू लागतो. त्यात दाबाच्या लाटा उठतात, आणि माणसे पायदळी तुडविली जाण्यापूर्वीच, बहुधा उभ्याउभ्या, छाती दाबली जाऊन श्वासाअभावी मरतात. मक्केजवळील मिना येथे १२ जानेवारी २००६ रोजी घडलेल्या अशा दुर्घटनेत तीनशेहून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. त्या स्थळाच्या चित्रफितींचा गर्दीच्या हालचालींचे अभ्यासक डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की संथ वाहणारा प्रवाह प्रथम थबकत-थबकत पुढे सरकू लागला होता आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने त्यात जीवघेणा खळाळ सुरू झाला. थबकण्याचा हा टप्पा गर्दीत उभ्या असलेल्या शिपायाला दिसत नाही. त्याला पुढच्या चार पाठी तेवढ्या दिसतात. उंचावरील कॅमेऱ्याला तो दिसतो, कारण त्याला जोडलेला संगणक एकेक डोके मोजीत न बसता चित्राच्या प्रत्येक भागातील दाटी व वेग यांचा अंदाज घेतो.

नाशिकने याची किंमत मोजलेली आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात ३९ भाविक चेंगरून मेले. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थात मूळ नाशिकचेच असलेले अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक रमेश रासकर यांच्या प्रेरणेने चाललेल्या ‘कुंभथॉन’ या उपक्रमात स्थानिक तरुणांनी ‘आशिओटो’ नावाची चटई वापरून पाहिली: वाटेवर अंथरलेल्या या चटईवर पाऊल पडताच दाबाची नोंद होते आणि किती माणसे गेली हे तत्काळ कळते. चेहरा नाही, नाव नाही, केवळ पाऊल. पाळत आणि मोजणी यांतील भेद इतक्या साधेपणाने सांभाळणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. त्यामानाने खिशातील दूरध्वनीवरचा नकाशा मला कमी भरवशाचा वाटतो. हिंजवडीच्या लक्ष्मी चौकात कोंडी झाली की तो हजारो चालकांना एकाच वेळी एकाच आडवाटेला लावतो, आणि आडवाट बिचारी घटकाभरात तुंबते.

परंतु यंत्र इत्तला देते. हुकूम देत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे तैनात असतानाही, सरकारी आकड्यानुसार, ३० जण चेंगराचेंगरीत दगावले. शिवाय हुकूम जेथे धोका आहे तेथे देऊन भागत नाही. दाटलेल्या जमावाला जागच्या जागी थांबवावयास जावे तर मागून येणारे त्यावर आदळतात. प्रवाह फार मागे रोखावा लागतो. मारुंजीच्या माळासाठी तो वाकडच्या पुलापाशी किंवा चांदणी चौकात रोखावयाचा, आणि थांबविलेल्यांना कारण सांगावयाचे, पाणी द्यावयाचे. २०२७ साली नाशिकला स्नानपर्वे येतील, तेव्हा रामकुंडावरील दाटीचा आकडा कित्येक किलोमीटर दूर असलेल्या नाशिकरोड स्थानकात त्याच क्षणी पोहोचला पाहिजे. आणि मनमाडला किंवा इगतपुरीला गाडी थांबवून धरण्याचा अधिकार नाशिकरोडला बसलेल्या अंमलदारास, वरिष्ठांची मंजुरी मागण्यात अर्धा तास न दवडता वापरता यावा म्हणून, आधीच लेखी दिलेला असला पाहिजे.