आरसा कोणी मोडला?

प्रदर्शनात मांडलेली तळहाताएवढी फेरारी सगळ्यांनी पाहिलेली असते. रंगात आपला चेहरा दिसतो, स्टिअरिंगवरचा घोडासुद्धा जागेवर असतो आणि शेजारी तिचा कर्ता "जमलं आपलं थोडंफार" असा चेहरा करून उभा असतो. ही झाली अधिकृत आवृत्ती. स्केल मॉडेलच्या या टेबलांमागे खुर्ची टाकून बसण्यात माझे बरेच रविवार गेले आहेत, आणि मागून दिसतं ते जरा वेगळं असतं. कर्त्याच्या खिशात ट्वीझर असतो, चिकटपट्टी असते आणि सकाळीच निखळलेला एक आरसा असतो. तो रात्रीपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही, तर बक्षीस नक्की.

गाडी आपल्या हाताने जोडायची ही कल्पनासुद्धा वाटते तितकी थोर नाही. १९४९ साली ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीला फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल करण्याचं काम मिळालं. ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांनी ते गिऱ्हाइकांना दाखवायचं होतं. कारखान्यात एकेक मॉडेल हाताने जोडावं लागे आणि तो खर्च जड जात होता. मग खर्च कमी व्हावा आणि खपही वाढावा म्हणून तोच ट्रॅक्टर न जोडता, सुट्या भागांत, वूलवर्थच्या दुकानांत ठेवला गेला. (कंपनीचं नावही चिकटवण्याशी संबंध ठेवून नाही, व्यापारी सूचीत वर झळकावं म्हणून ते 'ए'पासून सुरू केलेलं.) थोडक्यात, कारखान्याला परवडत नव्हती ती मजुरी गिऱ्हाइकाने करावी आणि वर तिचे पैसेही मोजावेत. गेली पंचाहत्तर वर्षं आपण तिला छंद म्हणतो.

जपानच्या शिझुओकातल्या तामियाचं नाव आज आमच्या मंडळींत कान पकडून घेतात. पण या कंपनीचं पहिलं प्लास्टिक किट, १९६० सालची 'यामातो' युद्धनौका, बाजारात साफ बुडालं. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात आणली, तामियाला ऐनवेळी किंमत उतरवावी लागली आणि नफा गेला पाण्यात. तारलं कोणी? एका चिमुकल्या, स्वस्त रेसिंग गाडीने. पुढे पैसा आला तसा हट्टही आला. पोर्शे ९३४ चं एकास बारा प्रमाणातलं मॉडेल करायचं म्हणून कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी पोर्शेच्या कारखान्याच्या वाऱ्या केल्या, समाधान झालं नाही, तेव्हा चक्क एक खरी ९११ विकत घेऊन ती खिळ्या-स्क्रूपर्यंत सुटी केली. माप सगळं मिळालं, पण गाडी पुन्हा जोडता येईना. जगाला जोडणी शिकवणाऱ्या कंपनीला शेवटी पोर्शेची माणसं बोलवावी लागली. एवढ्या हौसेचा खर्च नुसत्या किटमधून निघेना, म्हणून तीच गाडी १९७६ मध्ये रेडिओ कंट्रोलवर पळवली आणि तामियाचा एक नवाच धंदा उभा राहिला.

बारकावे मोजणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक किस्सा राखून ठेवला आहे. १९६८ साली मोनोग्राम या मॉडेल कंपनीने 'रेड बॅरन' नावाचं किट आणलं. टॉम डॅनियल यांची कल्पना: छपरावर जर्मन शिरस्त्राण, पुढे पहिल्या महायुद्धातल्या विमानाचं मर्सिडीज इंजिन. अशी गाडी जगात कुठेच नव्हती. किट इतकं खपलं की गाड्या घडवणाऱ्या चक मिलर यांच्याकडून प्रदर्शनासाठी खरीखुरी गाडी बनवून घेतली गेली. विमानाचं इंजिन कुठून आणणार? बसवलं पाँटिअॅकचं सहा सिलिंडरचं. म्हणजे मॉडेल बरोबर आणि खरी गाडी चुकीची, असं छातीठोक म्हणता येण्याची ही दुर्मीळ संधी, आणि आमच्यातले तज्ज्ञ ती सोडत नाहीत.

आता आपल्याकडच्या टेबलांकडे या. डोंबिवलीतल्या एका घरात मोझेक फरशी आहे. ज्याने ती शोधून काढली त्याला मॉडेलकारांचा शाप लागलेला असणार, कारण ट्वीझरमधून उडालेला पार्ट तिच्यावर डोळ्यांदेखत नाहीसा होतो. तिथे एका संध्याकाळी पोर्शेचा आतला आरसा उडाला. घरात झाडू मारायला बंदी झाली. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून सगळी खोली ओढून काढली (हा उपाय खरोखर चालतो, पार्ट मोज्यात अडकतो). मिळाला नाही. मग पत्र्याच्या तुकड्यातून नवा आरसा कापला, मूळच्यापेक्षा सुबक. प्रदर्शनात मंडळी वाहवा करत असताना एक चिमुरडी काचेला नाक लावून म्हणाली, "काका, आत सीटवर आरसा पडलाय."

पावसाळा हा आमचा दुसरा शत्रू. दमट हवेत लॅकर फवारलं की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि काळ्या कुळकुळीत गाडीवर दुधाची साय आल्यासारखं होतं. यावर सावकाश उडणारं थिनर वापरणं किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणं, हे दोन सज्जन उपाय. स्पर्धा तोंडावर आलेल्या आमच्या एका मित्राने तिसरा काढला: बेडरूमचा एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून तिथेच फवारणी. (असं करू नये, त्या वाफा फुप्फुसात जातात. मास्क आणि मोकळी हवा, दोन्ही हवीत.) गाडी मात्र डाग शोधून सापडू नये अशी निघाली. डाग दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात सापडले, बेडरूमच्या कपाटातून काढून घातलेल्या पांढऱ्या शर्टावर, एकसारखे बारीक.

काचेसाठी सुपरग्लू वापरू नये, हे प्रत्येकाला सांगितलेलं असतं आणि प्रत्येकजण एकदा वापरतोच. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढुरकं पडतं. साधं फेविकॉल वाळल्यावर दिसतही नाही आणि पकडही पुरेशी देतं. हाताने घडवलेल्या एका अँबेसेडरची मागची काच अशीच आंधळी झाली, तीही आदल्या रात्री. कर्त्याने रुमालाची किनार कापून आत पांढरे पडदे लावले, पुढे लाल दिवा बसवला आणि गाडी मंत्र्याची झाली. 'कल्पकता' या सदरात तिला विशेष उल्लेख मिळाला. पुढल्या वर्षी टेबलावर पडदेवाल्या गाड्यांची रांग लागली. पहिल्या पडद्यामागे काय होतं ते त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

काही जण किट जोडतच नाहीत, साठवतात. एका संग्राहकाने दुर्मीळ किट वर्षानुवर्षं कपाटात जपलं, चांगला भाव आला की विकायचं म्हणून. गिऱ्हाईक आलं, डबा उघडला. मऊ व्हिनाइलचे टायर काचेच्या पार्टवर पडून होते आणि त्यातल्या तेलकट द्रव्याने काच खाऊन चार सुबक गोल खड्डे पाडले होते. टायर वेगळ्या पिशवीत ठेवले असते तर काही झालं नसतं. गिऱ्हाइकाने शेवटी रिकामा डबा विकत घेतला; वरचं चित्र त्याला फार आवडलं होतं.

भांडणं म्हणाल, तर ती रंगावरून होतात. मुंबईच्या काळी-पिवळी पद्मिनीचं एक देखणं मॉडेल टेबलावर आलं आणि टपाच्या पिवळ्या रंगावरून दोन ज्येष्ठांत जुंपली. एक म्हणे हळदी, दुसरा म्हणे लिंबाकडे झुकणारा. मोबाइलवर जुने फोटो निघाले, एकमेकांचे चष्मे काढले गेले, चहा गार झाला. शेजारी एक गृहस्थ शांतपणे ऐकत होते. त्यांनी ही टॅक्सी आयुष्यभर चालवली होती, ते नंतर कळलं. "टपाच्या रंगाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "टपावरचं कॅरिअर कुठाय? सामान काय मांडीवर घेऊन बसायचं?" दोन्ही ज्येष्ठ त्यानंतर एकदम कॅरिअरच्या सळ्या किती, यावर भांडू लागले.

हात लावू नये, ही पाटी मुलांसाठी असते असा मोठा गैरसमज आहे. मुलं हात पाठीमागे बांधून बघतात. उचलून वजन पाहतात ते काका. पण आमच्याकडचा सर्वांत महागडा अपघात काकांनीही केलेला नाही. परीक्षक वाकून बॉनेट न्याहाळत होते आणि खिशातलं जड पेन थेट त्या बॉनेटवर उतरलं. टवका उडाला. कर्ता चहाला गेलेला. परीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुणपत्रिकेत लिहिलं, 'वापरलेल्या गाडीचा भास अप्रतिम'. तेव्हापासून परीक्षकांनी खिसा रिकामा करून आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून वाकावं, असा नियम आहे. नियमाचं कारण नियमावलीत दिलेलं नाही.

एका गोष्टीवर मात्र कोणी हसत नाही, ती म्हणजे दुसऱ्याच्या पार्टवरून साचा काढून विकणं. एक विक्रेता 'स्वतः घडवलेली' रेझिनची चाकं घेऊन आला. आमच्यातल्या एकाने चाक भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "व्हॉल्व्हशेजारी हा बुडबुडा कशाला ठेवलात?" तो बुडबुडा विचारणाऱ्याच्याच मूळ चाकात राहून गेलेला होता, ओतताना हवा अडकली होती आणि आळसाने त्याने भरला नव्हता. चोरी पकडली गेली ती कारागिरीमुळे नव्हे, तर आळसामुळे. आता आमचा तो गडी आपल्या प्रत्येक मूळ नमुन्यात एक बुडबुडा मुद्दाम ठेवतो.

तेव्हा या छंदात शिरणार असाल, तर स्वस्त किटने सुरुवात करा आणि पार्ट रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्याचं तेल रंग धरू देणार नाही. नवा रंग आधी पार्ट कापून घेतल्यावर उरलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमवर मारून बघा. दुसऱ्याच्या मॉडेलसमोर विचारल्याशिवाय चूक दाखवू नका. ती त्याला तुमच्या आधीपासून ठाऊक असते आणि ती लपवण्यात त्याची अख्खी रात्र गेलेली असते. त्यापेक्षा "हे कसं केलंत?" एवढंच विचारा. उत्तर लांबेल, तेव्हा वेळ काढून जा.