विश्लेषण : रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटात कळ आणि अंगात ठणका, आयबीएस व फायब्रोमायल्जिया एकत्र का येतात?

सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी दोन-तीनदा शौचालय गाठावे लागते. रात्रभर झोपूनही अंग ठणकत राहते. रक्ततपासणी, सोनोग्राफी सगळे नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला मिळतो आणि घरचेही हळूहळू ‘नाटक’ म्हणू लागतात. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आयबीएस) आणि फायब्रोमायल्जिया हे दोन्ही आजार असलेल्यांची ही नेहमीची तक्रार. मात्र हे दुखणे खरे असते.

हे आजार नेमके काय आहेत?

आयबीएसमध्ये पोटदुखीबरोबर जुलाब, बद्धकोष्ठता किंवा दोन्ही आलटून-पालटून होतात. २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी आणि तिचा शौचाशी संबंध असावा लागतो. फायब्रोमायल्जियामध्ये तीन महिने वा अधिक काळ अंगभर दुखणे, थकवा, अपुरी झोप आणि विसराळूपणा असतो. तो महिलांमध्ये अधिक आढळतो.

दोन्ही एकत्र का?

आतडे किंवा स्नायूंना इजा नसली, तरी वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जासंस्था अतिसंवेदनशील झालेली असते. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमाल पातळीवर अडकावा, तसे. साधा गॅस कळ बनतो, हलका दाबही दुखतो. अशा वेदनेसाठी आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ ही संज्ञा स्वीकारली. ताण आणि अपुरी झोप दोन्ही आजार वाढवतात. पोटामुळे झोपमोड, झोपमोडीमुळे अंगदुखी, असे चक्र सुरू होते.

निदान कसे होते?

एकाच तपासणीतून निदान होत नाही. लक्षणांवरून आणि थायरॉइड, सिलियाक, संधिवात यांसारखे आजार वगळून ते केले जाते. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणे, ताप, अ‍ॅनिमिया, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल, तर ते आयबीएस समजून थांबू नये. तातडीने डॉक्टरांकडे जावे.

औषधांचा पेच काय?

एका दुखण्याचे औषध दुसरे बिघडवू शकते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फायब्रोमायल्जियात फारशा उपयोगी नसतात आणि जठराला त्रास देतात. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांनी बद्धकोष्ठता वाढते. कमी मात्रेतील अ‍ॅमिट्रिप्टिलिन मात्र दोन्हींसाठी वापरले जाते. पण त्यानेही शौचाला कडक होऊ शकते. त्यामुळे पोटाच्या आणि सांध्यांच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवणे आवश्यक.

ताटात काय बदलावे?

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहारात काही आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध टाळतात आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहतात. भात, ज्वारीची भाकरी चालते. हिंग फोडणीला चालतो, पण बाजारातील डबीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. हा आहार कायमचा नसून आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा. बद्धकोष्ठतेत इसबगोल उपयोगी ठरतो.

रोजचे जगणे कसे सावरावे?

२०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये फायब्रोमायल्जियासाठी ठाम शिफारस फक्त व्यायामाची आहे. दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावा. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सगळी कामे उरकल्यास पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. झोप, जेवण, शौच आणि वेदना यांची रोज नोंद ठेवल्यास त्रास कशाने वाढतो ते कळते आणि डॉक्टरांनाही मदत होते.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हे आजार नाहीत. त्यामुळे शौचालयाजवळची जागा किंवा कामाच्या वेळेत थोडी सवलत मिळणे बहुधा वरिष्ठांच्या समजूतदारपणावरच अवलंबून राहते. आजार पूर्ण बरा होईलच असे नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी रुग्णाच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारे घर आणि डॉक्टर हवेत.