परवलीचा शब्द

रात्रीच्या वेळी लष्करी छावणीच्या चौकीशी कोणी आले, तर पहारेकरी त्याला हटकतो. अंधारात चेहरा ओळखू येत नाही आणि नुसत्या पोशाखावर विसंबता येत नाही. म्हणून आधी ठरवून ठेवलेला एक शब्द त्याला विचारला जातो. तो बरोबर सांगितला तर वाट मोकळी होते. या शब्दाला 'परवलीचा शब्द' असे म्हणतात. आज संगणकावर किंवा मोबाइलवर जो 'पासवर्ड' मागितला जातो, तो म्हणजे हाच परवलीचा शब्द होय. पहारेकरी मात्र पालटला आहे. पूर्वी तो माणूस होता. संशय आला तर तो आणखी दोन प्रश्न विचारी. आता तेथे यंत्र उभे आहे. त्याला चेहरा कळत नाही, पद कळत नाही आणि मानमरातबही कळत नाही. शब्द जुळला, की ते सेनापतीला ज्या अदबीने आत सोडते, त्याच अदबीने चोरालाही सोडते.

बलाढ्य माणसाचा पहारा ढिला असतो, ही गोष्ट नवी नाही. इ. स. 1663 च्या एप्रिल महिन्यात औरंगजेबाचा मामा शायिस्तेखान पुण्यात लाल महालात तळ देऊन राहिला होता. भोवती प्रचंड फौज होती. 5 एप्रिलच्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या लोकांसह त्या तळात शिरले. चौकीवर हटकले गेले, तेव्हा "आम्ही मोगली फौजेतलेच दक्षिणी शिपाई, नेमलेल्या जागी पहाऱ्याला चाललो आहोत," असे उत्तर त्यांनी दिल्याचे इतिहासकार सांगतात. चौकीवाल्यांना ते पटले. पुढे काय झाले, हे महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. खानाची बोटे तुटली. येथे फौजेची संख्या कमी पडली नव्हती, तटबंदीही कमी पडली नव्हती. दाराशी विचारलेल्या प्रश्नाला कोणीही देऊ शकेल असे उत्तर पुरेसे मानले गेले, इतकेच.

परवलीच्या शब्दाचेही तसेच आहे. इतरांना सहज सुचेल असा शब्द निवडला, तर तो असून नसल्यासारखा होतो. आणि पुढाऱ्यांची खरी अडचण याच ठिकाणी आहे. नगर–मनमाड रस्ता जेथे प्रवरा नदी ओलांडतो, तेथे कोल्हार हे भगवतीदेवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव वसले आहे. अशा वर्दळीच्या गावांतून, महाराष्ट्रात कोठेही, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे भव्य फलक रस्त्याच्या कडेला लागतात. फलकावर पुढाऱ्याचे नाव असते, वाढदिवसाची तारीख असते, लोकांनी लाडाने दिलेले 'दादा', 'भाऊ' किंवा 'साहेब' हे उपपदही असते. कोल्हारच्या एखाद्या शेतकऱ्याची जन्मतारीख त्याच्या घरच्यांना आणि फार तर शाळेच्या दाखल्याला माहीत असते. पुढाऱ्याची मात्र साऱ्या तालुक्याला पाठ असते. त्याच तारखेचा जर त्याने परवलीचा शब्द केला, तर त्याने आपली किल्ली चौकात टांगली असे होईल.

यामागचे गणित सोपे आहे. आठ आकड्यांची संख्या लिहायची, तर दहा कोटी निरनिराळ्या संख्या लिहिता येतात. परंतु ते आठ आकडे म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष असतील, तर गेल्या शंभर वर्षांत मिळून जेमतेम साडेछत्तीस हजार दिवस होतात. दहा कोटींचा तट वरून उंच दिसतो. आतून तो साडेछत्तीस हजारांचाच असतो, आणि संगणकाला तेवढे प्रयत्न करून पाहण्यास वेळ लागत नाही. उलट इंग्रजी वर्णमालेतील सव्वीस लहान अक्षरांतून यदृच्छेने सहा अक्षरे निवडली, तर सुमारे तीस कोटी नव्वद लाख शब्द संभवतात. बारा अक्षरे घेतली तर ही संख्या दुप्पट होत नाही. तिला तिनेच गुणावे लागते, आणि उत्तर येते सुमारे साडेनऊशे कोटी कोटी. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने 2017 साली असे सुचवले, की परवलीचा शब्द क्लिष्ट चिन्हांनी सजवण्याचा आग्रह धरण्यापेक्षा तो लांब असण्यावर भर द्यावा. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच साधे शब्द सलग लिहिले, तरी मोठे काम होते.

हे सारे ज्याला सांगायला हवे होते, असा एक मनुष्य अमेरिकेच्या अध्यक्षपदावर बसलेला होता. डोनाल्ड ट्रम्प हे अध्यक्ष होण्यापूर्वी दूरदर्शनवरील एका कार्यक्रमात "तुम्हाला कामावरून काढले आहे," हे वाक्य उच्चारत, आणि ते देशभर गाजले होते. लिंक्डइन या संकेतस्थळावरून 2012 साली चोरीला गेलेले परवलीचे शब्द पुढे उघडकीस आले. त्यांत ट्रम्प यांचाही शब्द होता, आणि तो म्हणजे हेच वाक्य, असे व्हिक्टर गेव्हर्स या डच संशोधकाने सांगितले. तोच जुना शब्द 2016 साली ट्रम्प यांच्या ट्विटर खात्यालाही लागू पडला, असेही त्याचे म्हणणे होते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्यालाही लावली, की एक घर फुटताच दुसरेही उघडे पडते. चार वर्षांनी, ऑक्टोबर 2020 मध्ये, गेव्हर्सने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी त्याने ट्रम्प यांच्या निवडणूक घोषणेतील चार आद्याक्षरे, पुढे 2020 हे साल आणि शेवटी उद्गारचिन्ह असा शब्द लिहिला. मोजक्याच प्रयत्नांत दार उघडले. ती घोषणा तर लाखो लोकांच्या टोप्यांवर छापलेली होती! अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने आणि ट्विटरनेही ही गोष्ट नाकारली. परंतु नेदरलँड्सच्या सरकारी अभियोक्त्यांनी डिसेंबर 2020 मध्ये तपासाअंती असा निर्णय दिला, की गेव्हर्सने खरोखरच प्रवेश मिळवला होता आणि दोष दाखवून देण्याचाच त्याचा हेतू असल्याने त्याच्यावर खटला भरण्यात येऊ नये.

एवढ्या मोठ्या माणसाकडून इतका साधा निष्काळजीपणा का व्हावा? अधिकार हाती आला, की दाराशी थांबण्याची सवय सुटते. दार दुसरा कोणी उघडतो, पत्र दुसरा कोणी लिहितो, दूरध्वनीही दुसराच घेतो. अशा माणसाला "साहेब, हा शब्द चालणार नाही," असे सांगण्याचे धाडस कार्यालयातील कनिष्ठ नोकराला होत नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासद नदीन डॉरिस यांनी तर डिसेंबर 2017 मध्ये जाहीरपणे लिहून टाकले, की आपले कर्मचारी, अगदी शिकाऊ उमेदवारसुद्धा, आपल्याच परवलीने आपला संगणक रोज उघडतात. त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. पुढे 2021 साली त्या ज्या खात्याच्या मंत्री झाल्या, त्या खात्याच्या नावातच 'डिजिटल' हा शब्द होता.

कधी कधी शब्द चांगला असूनही घात होतो, कारण तो गोड बोलून काढून घेतला जातो. मार्च 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक मोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना एक पत्र संगणकावर आले. "तुमचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती लागला आहे, तो ताबडतोब बदला," असे त्यात लिहिले होते आणि बदलण्यासाठी एक दुवा दिला होता. पत्र बनावट होते. मोहिमेतील संगणक-साहाय्यकाला ते दाखवण्यात आले. ते बनावट आहे असे कळवताना त्याच्या हातून इंग्रजी शब्दाच्या आरंभीची नकारार्थी अक्षरे सुटली; जणू 'अवैध' लिहायचे ते 'वैध' लिहिले गेले. पत्रातील दुवा उघडला गेला, आणि पोडेस्टा यांची हजारो पत्रे ऑक्टोबर महिन्यात, ऐन निवडणुकीत, जगापुढे आली.

एका अक्षराने अनर्थ होतो, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. नगर–मनमाड रस्त्याने कोल्हारहून उत्तरेस गेले, की राहाता आणि शिर्डी मागे टाकून गोदावरीकाठचे कोपरगाव येते. रघुनाथराव पेशव्यांचे अखेरचे दिवस तेथे गेले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांनाच दोषी ठरवले. नारायणरावांना 'धरावे' असा हुकूम असता आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला आणि 'मारावे' असे झाले, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिकाच आहे. पण तिच्यातील भीती खरी आहे. पत्र धन्याच्या नावाचे आणि हात दुसऱ्याचा, ही ती भीती होय.

आजही तोच प्रकार घडतो, आणि क्षणार्धात कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचतो. 12 डिसेंबर 2021 च्या पहाटे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या ट्विटर खात्यावर अशी घोषणा झळकली, की भारताने बिटकॉइन या आभासी चलनाला कायदेशीर मान्यता दिली आहे. ती साफ खोटी होती. खाते काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात गेले होते, असे पंतप्रधानांच्या कार्यालयाने लगेच कळवले. ऑगस्ट 2024 मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप बळकावले गेल्याचे सांगून, आपल्याला फोन किंवा संदेश करू नये अशी लोकांना विनंती केली. 21 सप्टेंबर 2025 रोजी, त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांच्या एक्स खात्यावर पाकिस्तान आणि तुर्कस्तान यांचे ध्वज दिसू लागले. ते खाते थोड्याच वेळात परत मिळवण्यात आले. अशी खाती बळकावण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि दुबळा परवलीचा शब्द ही त्यांतील सर्वांत सोपी. म्हणूनच दाराला दुसरे कुलूप लावण्याची सोय आता झाली आहे. परवलीचा शब्द बरोबर लिहिल्यावरही मोबाइलवर येणारा, काही मिनिटांपुरताच चालणारा अंक मागितला जातो. घरोघरी त्याला 'ओटीपी' म्हणतात. तोही कोणी मागितला म्हणून सांगून टाकला, तर दोन्ही कुलपे व्यर्थ.

हा प्रश्न केवळ दिल्ली–मुंबईतील सत्ताधाऱ्यांचा नाही. पेशवाईत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटले, की ते पत्र खरे ठरे. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा निधी आता संगणकावरून खर्ची पडतो, आणि त्याला सरपंच व ग्रामपंचायतीचा अधिकारी, ज्याला लोक अजूनही ग्रामसेवक म्हणतात, या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ही स्वाक्षरी बोटाएवढ्या एका उपकरणात साठवलेली असते. त्याला डोंगल म्हणतात, आणि ते एका गुप्त अंकाने उघडते. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या 42 व्या कलमाने अशा स्वाक्षरीची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी तिच्या धन्यावर सोपवली आहे. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या सरपंचबाईंचे डोंगल घरातील दुसऱ्या कोणाच्या खिशात आणि त्याचा अंक तिसऱ्याच्या वहीत असला, तरी यंत्र तक्रार करीत नाही, पैसे निघतात. त्या प्रत्येक रकमेखाली स्वाक्षरी मात्र बाईंचीच उमटते, आणि चौकशी लागली तर उत्तरही त्यांनाच द्यावे लागते.