आरशातला चेहरा आणि स्मरणातला चेहरा

मनुष्य स्वतःचा चेहरा जन्मभर वागवतो. परंतु तो त्याला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. दिसते ते प्रतिबिंब. चित्रकलेच्या वर्गात आत्मचित्र काढावयास सांगितले की ही गोष्ट विद्यार्थ्याच्या प्रथमच ध्यानी येते.

शिक्षकाने आरंभी आरसा देऊ नये. चेहरा आठवणीनेच काढू द्यावा. बहुतेक मुले डोळे फार वर, कपाळाच्या जागी काढतात. वस्तुतः माथा आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर डोळे असतात. मुलाचे लक्ष डोळ्यांकडे आणि ओठांकडे असते; कपाळ आणि केस त्याच्या हिशेबातच नसतात. हा दोष हाताचा नव्हे, पाहण्याचा होय.

मग तो कागद बाजूला ठेवून आरसा द्यावा. एक डोळा मिटून आरशाच्या काचेवर साबणाच्या वडीने चेहऱ्याची कड आखावी. ती आकृती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते, आणि मुलगा मागे सरकला तरी तेवढीच राहते. कारण काच ही डोळा व प्रतिबिंब यांच्या बरोबर मध्यावर असते. रोज पाहिलेली वस्तूही आपण नीट पाहिलेली नसते, हा धडा याहून सोपा करता येणार नाही. जर्मन चित्रकार ड्यूरर याने 1484 साली, तेरा वर्षांच्या सुमारास, आरशात पाहूनच आपले चित्र रेखाटले होते.

शेवटी आरसा दूर करून पुन्हा स्मरणाने चित्र काढावे. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने स्मरणाला असेच वळण लावले. शिल्पकार रोदँ हा त्याचाच शिष्य. महाराष्ट्रातील एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राला स्थान मिळाले, त्यामागील तत्त्वही हेच.

काळी नदीकाठच्या गणेशगुडीसारख्या गावी या अभ्यासाला आणखी अर्थ आहे. जोयडा तालुक्याच्या या परिसरात कुणबी, गवळी, सिद्दी अशा अनेक समाजांची वस्ती आहे. पाठ्यपुस्तकातला एकच गोरा, रेखीव चेहरा सर्वांनी गिरवला, तर मुलाला आपले नाक, आपला वर्ण, आपले कुरळे केस हीच चूक वाटू लागते. आरसा हा गैरसमज दूर करतो. चूक असलीच तर ती रेषेत असते, चेहऱ्यात नसते.

स्मरणाचे मोल तर या गावाला वेगळे सांगावयास नको. 1987 साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले. त्याची वाट, त्याचा बाजार आता डोळ्यांनी पडताळून पाहता येत नाही. ज्यांनी नीट पाहिले होते, त्यांच्याच मनात तो शिल्लक आहे. समोर आहे तोवर नीट पाहावे, एवढेच आत्मचित्राचा तास मुलाला शिकवतो. आणि तेवढे पुष्कळ आहे.