अंगठा लागत नाही, मग धान्य कसं मिळणार?

"आजी, तुमचा अंगठा लागत नाही," हे रेशन दुकानातलं वाक्य आता आपल्या ओळखीचं झालंय. बचत गटाच्या बैठकीत बाया आम्हाला विचारतात, "ताई, म्हातारपणी बोटांचे ठसे बदलतात का?"

ठशाची नक्षी बदलत नाही. ती आईच्या पोटातच, सहाव्या महिन्यापर्यंत तयार होते आणि जन्मभर तीच राहते. तिचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं. म्हणून वरवर भाजलं, फोड आला, तरी नवी कातडी तीच नक्षी घेऊन येते.

बदलते ती कातडी. वय वाढलं की ती पातळ आणि कोरडी होते, सुरकुत्या पडतात, नक्षीच्या उंच रेघा सपाट होत जातात. त्यात खुरपणी, कापूस वेचणी, भांड्यांची राख, धुण्याचा सोडा. जात्याचा दगडसुद्धा झिजतो, त्याला टाकी लावावी लागते. बोटं तर कातडीची! रेघा नीट उमटल्या नाहीत की मशीन 'जुळत नाही' म्हणतं. माणूस मात्र तोच असतो.

मग काय करायचं? दुकानात जाण्याआधी हात साबणानं धुवा, कोरडे करा. बोटं फारच कोरडी असतील तर थोडं तेल चोळून पुसून घ्या. मशीनची काच पुसायला सांगा. अंगठा लागला नाही तर दुसरी बोटं लावून बघा. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं घेतलेली असतात. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपीची सोय आहे का, ते विचारा. नेहमीच अडचण येत असेल तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं द्या.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा. धान्य हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. निव्वळ अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. तरीही परत पाठवलं तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या, किंवा १९६७ या नंबरवर फोन करा.

आपल्या गावात कोणती आजी रिकामी पिशवी घेऊन परत येते, हे प्रत्येक गटानं या महिन्यात बघावं. पुढच्या वेळी गटातल्या एकीनं तिच्याबरोबर दुकानात जावं. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, दोघींना नाही.