सायकलीची साखळी : तीन मापांचे शास्त्र

केवळ मनुष्याच्या स्नायुबलावर चालणाऱ्या वाहनांत सायकलीइतके काटकसरी वाहन दुसरे नाही, आणि ही काटकसर ज्या अवयवामुळे शक्य होते त्या साखळीकडे मात्र, ती तुटेपर्यंत किंवा चढावर दात्यांवरून घसरू लागेपर्यंत, बहुतेकांचे लक्ष जात नाही. मग घाईघाईने दुकान गाठले जाते, दुकानदार जी चेन पुढे करील ती बिनदिक्कत स्वीकारली जाते, आणि थोड्याच दिवसांत ती नवी साखळीही कुरकुरू लागली की दोष मालाच्या माथी मारला जातो. वस्तुतः साखळीची निवड हा किमतीचा वा चकाकीचा प्रश्न नसून मापाचा प्रश्न आहे. झीज, रुंदी आणि लांबी ही तीन मापे ज्याला घेता येतात त्याला बेताच्या किमतीची साखळीही इमानाने साथ देते. जो ती घेत नाही त्याची महागडी साखळीही अकाली निकामी होते.

आजच्या साखळीचा मूळ आराखडा मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये पेटंट करून घेतला. त्यापूर्वीच्या साखळ्यांत खिळीवरचा भार अगदी अरुंद पृष्ठभागावर पडत असल्यामुळे ती खीळ लवकर खाल्ली जाई. रेनॉल्डने खीळ आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर यांच्यामध्ये एक लहानशी नळी, म्हणजे बुश, बसविली आणि तो भार नळीच्या संपूर्ण लांबीवर विभागून टाकला. पुढे १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल अवतरली. दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची आणि मागील चाकाला साखळीने गती, ही तिची रचना इतकी सुटसुटीत ठरली की अवाढव्य पुढच्या चाकाच्या सायकली अल्पावधीत मागे पडल्या. साखळीच्या दोन लगतच्या खिळींच्या केंद्रांमधील अंतर आज जवळजवळ सर्व सायकलींत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, असते. हे अंतर सर्वत्र एकच असल्यामुळे कोणतीही साखळी कोणत्याही सायकलीला बसेल असा समज होतो, आणि फसगतीला तेथूनच सुरुवात होते.

साखळी जुनी झाली की ती ‘ताणली’ असे आपण म्हणतो. परंतु पोलादी पट्ट्या मनुष्याच्या पायाच्या जोराने कायमच्या लांबत नाहीत. दाराच्या बिजागरीची खीळ वर्षानुवर्षांच्या उघडझापीने जशी झिजून सैल होते, तशीच प्रत्येक कडीतील खीळ आणि तिला वेढणारी नळी ही एकमेकींवर घासून झिजतात, आणि त्या झिजेइतकी कडी लांब भरते. ही क्रिया किती वेळा घडते याचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. पुढे ४८ दात्यांचे चेनव्हील, मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील, २८ इंची चाके आणि ११० कड्यांची साखळी, अशी आपल्याकडील रुळलेली साधी सायकल घेतली, तर पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे सहा मीटर पुढे जाते. साखळीच्या प्रत्येक वेढ्यात प्रत्येक खीळ चार वेळा वळते : चेनव्हीलवर चढताना व उतरताना साडेसात अंश, आणि फ्रीव्हीलवर चढताना व उतरताना वीस अंश. या हिशेबाने एका किलोमीटरमागे प्रत्येक खीळ सुमारे २९० वेळा, आणि हजार किलोमीटरमागे जवळजवळ तीन लाख वेळा वळते.

वळण्याच्या या श्रमाला भाराची जोड असते. साठ किलो वजनाचा मनुष्य चढावर उभा राहून १७० मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर आपले संपूर्ण वजन टाकतो तेव्हा, चेनव्हीलची त्रिज्या क्रँकहून बरीच लहान असल्यामुळे, साखळीवर शंभर किलोहून अधिक ओढ पडते. चेनव्हील ३४ दात्यांचे असेल तर हीच ओढ दीडशे किलोच्या घरात जाते. अशा ओढीखाली, रस्त्यावरील धुळीचे बारीक कण तेलात कालवले गेले असता, त्या कणांची खरड कानशीसारखे काम करते हे सांगावयास नको.

आता पहिले माप झिजेचे. त्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. इंचांच्या खुणा असलेली पोलादी फूटपट्टी पुरते. साखळीचा वरचा पदर ताठ ठेवून पट्टीचे शून्य एका खिळीच्या केंद्रावर धरावे आणि बाराव्या इंचापाशी काय दिसते ते पाहावे. नव्या साखळीत चोविसावी खीळ बरोबर बारा इंचांच्या रेघेवर येते. ती रेघेच्या १/१६ इंच पुढे गेली असेल तर साखळी अर्ध्या टक्क्याने वाढली आहे, आणि १/८ इंच पुढे गेली असेल तर एक टक्क्याने. अर्धा टक्का म्हणजे प्रत्येक कडीमागे सरासरी अवघे ०.०६ मिलिमीटर, अदमासे मनुष्याच्या केसाच्या जाडीइतके. परंतु खीळ आणि नळी यांमधील झिजेने फक्त बाहेरच्या पट्ट्यांच्या कड्या वाढतात व आतल्या कड्या होत्या तितक्याच राहतात, म्हणून प्रत्यक्षात एकाआड एक कडी त्याच्या दुपटीने लांबलेली असते. दात्यांची अंतरे मात्र पूर्वीचीच असल्यामुळे रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर सरकू लागतात, भार अनेक दात्यांत विभागला जाण्याऐवजी थोड्यांवर पडतो, आणि दाते एका अंगाने कोरले जाऊन टोकदार व वाकडे होतात.

म्हणून साखळी बदलण्याचा मुहूर्त ती तुटण्याचा नव्हे, तर पट्टीवरील रेघेचा होय. मागे अकरा-बारा दंतचक्रे असलेल्या सायकलीत अर्ध्या टक्क्यालाच साखळी बदलावी. आठ, नऊ किंवा दहा दंतचक्रांच्या सायकलीत पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. आणि गिअर नसलेल्या सायकलीची जाड दात्यांची चक्रे एक टक्क्यापर्यंत निभावून नेतात. या मर्यादा ओलांडल्या म्हणजे नवी साखळीही जुन्या फ्रीव्हीलवर धरत नाही, जोर लावताच उडी मारते, आणि एका जिन्नसाच्या जागी दोन किंवा तीन जिन्नस विकत घेणे भाग पडते. साखळी हा या समूहातील स्वस्त भाग असून फ्रीव्हील, कॅसेट व चेनव्हील हे महाग भाग आहेत. स्वस्त भाग वेळेवर बदलून महाग भागांचे आयुष्य वाढवावे, हाच येथील किफायतीचा मूलमंत्र.

दुसरे माप रुंदीचे, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. रुंदीही दोन प्रकारची असते : दाते ज्या फटीत शिरतात ती आतली, आणि खिळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची बाहेरची. गिअर नसलेल्या सायकलींच्या साखळीची आतली रुंदी १/८ इंच असते; मागे पाच ते आठ दंतचक्रे असलेल्या सायकलींत ती ३/३२ इंच, आणि नऊपासून बारापर्यंत त्याहून किंचित कमी, सुमारे २.२ मिलिमीटर असते. दंतचक्रांची संख्या वाढत गेली तशी त्यांच्यामधील जागा आक्रसत गेली, आणि साखळीची बाहेरची रुंदीही आठ चक्रांसाठी सुमारे सात मिलिमीटरपासून अकरा चक्रांसाठी सुमारे साडेपाच मिलिमीटरपर्यंत उतरली. यावरून निवडीचा नियम सरळ निघतो. १/८ इंचाच्या दात्यांवर ३/३२ इंचाची साखळी बसतच नाही. उलट, बिनगिअरच्या सायकलीत ३/३२ इंचाच्या दात्यांवर १/८ इंचाची साखळी किंचित सैल का होईना, पण निर्वेध चालते. आठ दंतचक्रांवर नऊची साखळी बहुधा चालून जाते, परंतु नऊवर आठची साखळी चढविली तर तिच्या खिळींची टोके शेजारच्या चक्राला घासतात.

अधिक चक्रांची साखळी ती अधिक महाग, म्हणून अधिक टिकाऊ, हा तर्कही ग्राह्य नाही. ती अरुंद आहे ती केवळ जागेच्या अडचणीपायी. जुन्या धाटणीच्या सायकलीला बारा चक्रांची साखळी घेणारा मनुष्य अधिक पैसे मोजून गैरसोय विकत घेतो. बारा दंतचक्रांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे : या पिढीत शिमानो आणि स्रॅम या कंपन्यांच्या साखळ्यांची घडण परस्परांहून भिन्न असल्यामुळे दंतचक्रे ज्या पद्धतीची, साखळी त्याच पद्धतीची घ्यावी. दुकानात जाताना मागील दंतचक्रे मोजून जावे आणि वेष्टनावरील मजकुराशी तो आकडा ताडून पाहावा.

तिसरे माप लांबीचे. नवी साखळी बहुधा गरजेहून लांब मिळते आणि ती तोडून बसवावी लागते. जुनी साखळी शेजारी पसरून टोकाला टोक जुळविण्याची वहिवाट आहे, पण ती धोक्याची आहे; ११० कड्यांची साखळी एक टक्का वाढली की ती सुमारे चौदा मिलिमीटर, म्हणजे एका कडीहून अधिक, लांब झालेली असते. म्हणून लांबी न जुळविता कड्या मोजाव्यात. आतली व बाहेरची कडी आळीपाळीने येत असल्यामुळे ही संख्या सम असते, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या साखळीविषयी खात्री नसेल तर गिअरच्या सायकलीत नवी साखळी पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतून, न ओवता, वेढून घ्यावी आणि जेथे टोके मिळतात त्यात एक इंच, म्हणजे दोन कड्या, मिळवून तोडावी. बिनगिअरच्या सायकलीत मागचे चाक खाचेत मागेपुढे सरकवून ताण साधता येतो. दोन चक्रांच्या मध्यावर साखळी बोटाने अर्धा इंच वरखाली व्हावी, हे योग्य ताणाचे लक्षण.

जोडणीविषयी थोडक्यात सांगावयाचे ते असे, की चेन लॉक, म्हणजे साखळीची दोन टोके सांधणारी कडी, साखळीच्या रुंदीचेच असले पाहिजे. बिनगिअरच्या सायकलीतील लॉकवर माशाच्या आकाराची जी स्प्रिंगची चाप असते तिचे बंद तोंड साखळीच्या गतीच्या दिशेला ठेवावे. उलट बसविल्यास ती एखाद्या आघाताने निसटण्याचा संभव असतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात, किंवा जेथे सायकल पावसात उभी करणे अपरिहार्य आहे तेथे, निकेलचा मुलामा दिलेली अथवा गंजरोधक लेपाची साखळी घेण्यात थोडा अधिक खर्च करावा, तो सार्थकी लागतो. घाटावरील कोरड्या हवेत, घरात ठेवल्या जाणाऱ्या सायकलीला साधी साखळी पुरेशी आहे. पोकळ खिळींच्या, छिद्रांकित पट्ट्यांच्या साखळ्यांनी जी काही वजनाची बचत होते तिचे शर्यतपटूला मोल असेल; डबा आणि पिशवी घेऊन कचेरीत जाणाऱ्याला ती जाणवणारही नाही.

साखळी चांगली निवडली तरी निगा चुकत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास साखळीची कार्यक्षमता प्रयोगाने मोजली, तेव्हा अनुकूल स्थितीत ती ९८.६ टक्के भरली. पायांनी दिलेल्या शक्तीपैकी दीड टक्क्याहूनही कमी शक्ती वाटेत खर्च झाली. साखळीवरची ओढ अधिक असताना आणि दंतचक्रे मोठी असताना कार्यक्षमता अधिक आढळली, आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ वातावरणात निरनिराळ्या वंगणांनी विशेष फरक पडला नाही. आपल्या रस्त्यांवर प्रयोगशाळेची स्वच्छता नाही. येथे वंगणाचे मोठे कार्य आहे ते खीळ आणि नळी यांमधील पोकळी व्यापून धुळीला आत शिरू न देण्याचे. यास्तव साखळी फडक्याने पुसून कोरडी करावी, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडावे, पेडल उलटे फिरवून ते आत मुरू द्यावे, आणि बाहेर उरलेले सर्व पुसून टाकावे. बाहेर थबथबलेले तेल धुळीला निमंत्रण देते. पावसाळ्यात भिजलेली सायकल घरी आली की हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

ज्यांची उपजीविका सायकलीवर अवलंबून आहे, जे दूध, वर्तमानपत्रे किंवा डबे पोहोचवितात, आणि जे विद्यार्थी व कामगार रोज कित्येक किलोमीटर तिच्यावरून जातात, त्यांच्या तुटपुंज्या जमाखर्चात अवेळी बदलावे लागलेले फ्रीव्हील आणि चेनव्हील हा लहान आघात नव्हे. आणि तो टाळण्याचे ज्ञान कोणालाही घरबसल्या प्राप्त होण्यासारखे आहे. सायकल बाळगणाऱ्या प्रत्येकाने एक पोलादी पट्टी घरात ठेवावी, दर महिन्याला बारा इंचांचे माप घ्यावे, रेघ ओलांडली गेली की दंतचक्रांची संख्या आणि कड्यांची संख्या कागदावर टिपून दुकानात जावे, आणि त्या दोन आकड्यांशी जुळेल तीच साखळी घ्यावी, मग ती दुकानातील सर्वांत स्वस्त असली तरी हरकत नाही.